फलकाआधी चित्र बघू द्या

'माहितीचा फलक नसेल तर सामान्य प्रेक्षक समकालीन चित्रांपुढे हरवतो' हे समकालीन कलेवरच्या एका लेखातलं विधान मला पटलं नाही. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या चित्रांचं प्रदर्शन होतं. आईला घेऊन गेले होते. मी फलक वाचत पुढे सरकत होते, आई मात्र एकाच चित्रापुढे थांबली. घड्याळ, पान अशा रोजच्या वस्तू, आणि भोवती नुसती मोकळी जागा. "दुपारी घर रिकामं असतं ना, तसं वाटतंय," ती म्हणाली. त्या चित्राबद्दल इतकं नेमकं मी कुठल्याच फलकावर वाचलं नाही.

आणि मुंबईच्याच जहांगीर कलादालनात तर प्रवेश मोफत असतो, बहुतेकदा चित्रकार स्वतः दालनात बसलेले असतात. आधी निवांत बघावं, मग त्यांनाच विचारावं. ते मनापासून बोलतात.