‘पुरात टिकणारा तांदूळ म्हणजे जीएम’ म्हणणाऱ्या मेसेजला एकेका मुद्द्यावर उत्तर

गेले काही दिवस सोसायटीच्या ग्रुपवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर, अगदी शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवरसुद्धा तोच एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की पाण्याखाली न कुजणारे, दुष्काळात न वाळणारे, रोग न येणारे असे भाताचे जे नवीन वाण निघालेत ते सगळे जीएम, म्हणजे लॅबमध्ये दुसऱ्या जिवाचं जनुक घातलेले आहेत, त्यांच्यात बेडकाचे माशाचे जीन्स घातलेत, रोग येत नाही कारण झाड स्वतःच विष तयार करतं, आजोबांच्या काळातल्या देशी भाताला रोग माहीतच नव्हता, आणि हा सगळा कंपन्यांचा डाव आहे म्हणून इंद्रायणीसारखा देशी तांदूळच खा.

आपला सोलापूर जिल्हा ज्वारीचा, भात इथं फारसा पिकत नाही, पण खाल्ला तर जातोच की, सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत तर रोज दोन्ही वेळा. लोक खरंच घाबरलेत ओ. किराणा दुकानात जाऊन ‘जीएम नसलेला द्या’ म्हणतायत, दुकानदार बिचारा काय सांगणार. म्हणून लिहायला बसले.

पहिलं जीएमचं. भारतात जीएम भाताच्या लागवडीला परवानगीच नाहीये. सरकारच्या परवानगीनं शेतकऱ्याच्या शेतात पोचलेलं जीएम पीक आजवर एकच, बीटी कापूस, २००२ पासून. मग पुरात टिकणारा भात आला कुठून? ओडिशातून आला. तिथल्या पुराच्या भागात शेतकरी पिढ्यानपिढ्या जो जुना भात लावायचे त्यातून निवडलेला एफआर १३ए नावाचा एक वाण आहे, तो पूर्ण बुडाला तरी जवळजवळ दोन आठवडे तग धरतो. उत्पन्न कमी, खायलाही फार चांगला नाही, पण पाण्याला भारी. १९९६ मध्ये संशोधकांना कळलं की हा गुण त्याच्या एका गुणसूत्रावरच्या एका ठरावीक जागी आहे, तिला सब१ म्हणतात, आणि २००६ मध्ये नेमकं जनुक सापडलं. दुसरीकडे आंध्रातल्या मारुटेरू संशोधन केंद्राचा स्वर्णा हा वाण होता, १९८२ सालचा, पूर्व भारतात प्रचंड लोकप्रिय, पण पुरात जाणारा. या दोघांच्या गुणांचा मेळ घालून स्वर्णा-सब१ तयार झाला आणि २००९ मध्ये भारतात प्रसारित झाला.

आता हा मेळ कसा घालतात ते नीट बघा, कारण मेसेज लिहिणाऱ्यानं ते कधी बघितलेलं दिसत नाही. भाताच्या लोंबीत प्रत्येक दाण्याच्या जागी आधी एक बारीक फूल असतं, त्यात सहा पुंकेसर, आणि भात स्वतःच स्वतःला फळवतो. म्हणून ज्याला आई करायचंय त्या झाडाच्या फुलाचा वरचा शेंडा छोट्या कात्रीनं कापायचा, आतले सहाच्या सहा पुंकेसर चिमट्यानं किंवा बारीक नळीनं ओढून काढायचे, एकही राहता कामा नये, मग लोंबीवर कागदी पिशवी चढवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाची फुलं उमलली की त्यांचे पराग त्यावर झटकायचे. एवढंच. त्यातून जे दाणे येतात ते पेरायचे, रोपाच्या पानाचा तुकडा घेऊन त्यात सब१ आलंय का तपासायचं, ज्यात आलंय तेवढीच रोपं ठेवायची आणि त्यांचा परत स्वर्णाशीच संकर, परत तपासणी, परत संकर, असं करत करत शेवटी जवळपास सगळी स्वर्णाच राहते, फक्त बुडाल्यावर वागायची पद्धत एफआर १३एची येते. तपासणी लॅबमध्ये होते हे खरं. पण ती फक्त कुठलं रोप ठेवायचं ते सांगते, रोपात काही घालत नाही. भाताचा भाताशी संकर आहे हा, बेडूक मासा यात कुठंच नाही.

आणि ते वागणं काय आहे माहितीये? साधा भात बुडाला की घाबरल्यासारखा वर वर वाढायला लागतो, साठवलेली साखर सगळी त्यात खर्च करतो आणि पाणी ओसरलं की उभं राहायला ताकदच उरत नाही, आडवा पडतो. सब१ असलेला भात वाढ थांबवून गप्प बसतो, साठा राखतो, आणि पाणी गेल्यावर परत फुटवे काढतो. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीच्या पुरात आपल्याकडं माढा-मोहोळ पट्ट्यात उभी पिकं दिवसेंदिवस पाण्यात बसलेली बघितलीत ना? आपल्या सोयाबीन-कांद्याला या भाताचा काही उपयोग नाही, पण पाणी उतरल्यावर शेतात काहीतरी जिवंत उरणं याची किंमत तरी आपल्याला कळायला पाहिजे.

इथं एक गोष्ट मात्र वेगळी सांगते, कारण मेसेजमध्ये तिची सरमिसळ झालीय. २०२५ च्या मे महिन्यात केंद्र सरकारनं जीनोम एडिटिंग केलेले दोन वाण जाहीर केले, डीआरआर धान १०० आणि पुसा डीएसटी राइस १. त्यात भाताच्या स्वतःच्याच जनुकात बारीक बदल केलाय, बाहेरच्या जिवाचं जनुक त्यात ठेवलेलं नाही. या तंत्रावर, त्याच्या नियमांवर, पेटंटवर प्रश्न विचारायलाच पाहिजेत, तो वाद खरा आहे. पण तो या दोन वाणांचा वाद आहे, तुमच्या डब्यातल्या तांदळाचा नाही.

दुसरा मुद्दा विषाचा, आणि याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. भाताला कडा करपा नावाचा रोग येतो, पानं कडेनं पिवळी पडून वाळत जातात, तो झँथोमोनास नावाच्या जिवाणूमुळं होतो. डाळिंबवाल्यांनो, आपला तेल्यासुद्धा याच कुळातला जिवाणू आहे! तेल्यानं बागा कशा बसवल्या आणि किती फवारण्या मारूनही हातात काय लागलं हे सोलापूर जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. भाताच्या कडा करप्यावरही खात्रीचं औषध नाही, खरा उपाय म्हणजे मुळात प्रतिकार असलेला वाण. साम्बा मसुरी, ज्याला बाजारात बीपीटी म्हणतात, तो खायला चांगला पण या रोगाला बळी पडणारा. हैदराबादच्या भात संशोधन संस्थेनं आणि तिथल्याच सीसीएमबी या पेशी-जनुकांवर काम करणाऱ्या सरकारी संस्थेनं मिळून त्यात संकरानंच तीन जनुकं आणली आणि २००८ मध्ये सुधारित साम्बा मसुरी आला. त्यातलं एक, एक्सए२१, आफ्रिकेतल्या जंगली भाताकडून आलंय, ते जिवाणू आलाय हे ओळखून झाडाला सावध करतं. दुसरं एक्सए१३, त्याची गंमत अशी की हा जिवाणू झाडाच्या पेशींना फसवून साखर बाहेर सोडायला लावतो आणि ती खातो, एक्सए१३ असलेल्या झाडात ती कळ त्याला दाबताच येत नाही, मग तो उपाशी. यात विष कुठं आहे? एक ओळखतं, एक साखर देत नाही. तीन एकदम का घातली, तर एकट्या जनुकाला जिवाणू काही वर्षांत चकवायला शिकतो, तिघांना एकदम चकवणं अवघड. उलट ज्याला असा वाण मिळत नाही तो शेतकरी घाबरून मिळेल ते औषध मारतो. तांदळात विष नको असेल तर विरोध नेमका कशाला करतोय याचा विचार करा.

‘देशी भाताला रोग नव्हता’ हे तर साफ खोटं. भाताच्या करप्याचं (वरच्या कडा करप्याहून हा वेगळा रोग) वर्णन चीनमधल्या १६३७ च्या ग्रंथात आहे, तेव्हा कुठल्या कंपन्या होत्या? १९४२ साली बंगालमध्ये भातावर तपकिरी ठिपक्यांचा रोग पसरून पीक बुडालं. त्यानंतरच्या वर्षी जो दुष्काळ पडला त्याला युद्ध, सरकारची धोरणं, महागाई अशी बरीच कारणं होती, पण हा रोगही त्यातलं एक मानलं जातं, आणि ते सगळे जुनेच वाण होते. हां, एक खरंय. १९६६ मध्ये आलेला आयआर ८ आणि त्याच्या पाठोपाठचे सुरुवातीचे वाण उत्पन्नाला जोरदार होते पण रोग-किडींना फार नाजूक होते, आणि मैलोन् मैल एकच वाण लावल्यावर रोगाला मोकळं रान मिळालं. ही चूक झाली. ती दुरुस्त करायलाच तर प्रतिकारक वाणांचं काम सुरू झालं.

आणि इंद्रायणी! मेसेजमध्ये तिला पिढ्यानपिढ्यांचा देशी तांदूळ म्हटलंय. इंद्रायणी वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झाली, १९८७ साली, आंबेमोहोर १५७ आणि तोच आयआर ८ यांच्या संकरातून. खा की, मस्त वासाची असते, मीही खाते. पण तिला चांगलं म्हणायचं आणि त्याच पद्धतीनं केलेल्या बाकीच्यांना विष म्हणायचं हे कसं चालेल?

कंपन्यांच्या डावाबद्दल थोडक्यात. स्वर्णा-सब१, सुधारित साम्बा मसुरी, कमी पावसात येणारा सहभागी धान, आपल्या कोकणात खाऱ्या जमिनीसाठी काढलेले पनवेल १, २, ३ हे सगळे सरकारी आणि आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आणि विद्यापीठांचे सरळ, म्हणजे हायब्रिड नसलेले वाण आहेत. भात स्वतःच फळतो त्यामुळं घरचं बी नीट निवडून राखलं तर पुढच्या वर्षी तसाच भात येतो. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानं शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, एकमेकांना द्यायचा, विकायचासुद्धा हक्क दिलाय, फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँड लावून विकता येत नाही. हायब्रिड भात घेतला तर दरवर्षी विकत घ्यावा लागतो, ते खरं, पण ते हायब्रिडबद्दल झालं.

राहिली देशी बियाणं संपल्याची तक्रार. ती खरी आहे आणि गंभीर आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या राहीबाई पोपेरेंनी गावठी बियाणं जपलं, त्यांना २०२० ची पद्मश्री मिळाली, ते काम किती मोलाचं आहे यावर माझं दुमत नाही. पण मेसेज देशी बियाणं आणि संशोधन यांची भांडणं लावतो तिथं तो चुकतो. आपली मालदांडीच बघा, एम ३५-१, ती मोहोळच्या केंद्रात शेतकऱ्यांच्याच ज्वारीतून निवडलेली. आणि भातात ग्रासी स्टंट नावाचा विषाणू आला तेव्हा सहा हजारांहून जास्त नमुने तपासले तरी प्रतिकार सापडला तो फक्त उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या एका जंगली भातात, खाण्यालायक नसलेल्या गवतासारख्या. भात संशोधक डॉ. गुरदेव खुश आणि सहकाऱ्यांनी तो गुण लागवडीच्या भातात आणला, १९७६ चा आयआर ३६ त्यातूनच आला आणि आशियाभर लाखो हेक्टरवर पसरला. बियाणं जपणारा आणि संकर करणारा दोघं लागतात, एकानं काम सोडलं तर दुसऱ्याचं अडतं.

तो मेसेज तुमच्या ग्रुपवर आला असेल तर त्याच्याखाली हे टाका. कुणाला एखादा मुद्दा पटला नाही तर नेमका तोच लिहून विचारा, मी उत्तर देईन.