निष्कर्ष आधी, नमुने मागाहून

प्रयोगशाळेत नुकतेच रुजू झालेल्या आणि पाठीवर पिशवी टाकून पहिल्यांदाच फील्डवर निघालेल्या संशोधकमित्रांनो, निसर्गाला प्रश्न विचारावेत असे तुम्हाला आजवर अनेकांनी शिकवले असेल. ही सवय जितक्या लवकर सुटेल तितके बरे. निसर्गाला प्रश्न विचारला की तो उत्तर देतो, आणि आपण अनुदानाच्या अर्जात आधीच लिहून दिलेल्या उत्तराशी ते क्वचितच जुळते. म्हणून निष्कर्ष आधी नक्की करावा, तो एखाद्या परिषदेत चार लोकांसमोर बोलून दाखवावा, म्हणजे माघारीची वाट आपोआप बंद होते, आणि मगच नमुने गोळा करायला लागावे.

त्यानंतर एकच नियम पाळायचा. रीडिंग अपेक्षेविरुद्ध आले, तर उपकरण उघडायचे, जोडण्या तपासायच्या, द्रावण शिळे होते का, खोलीचे तापमान कोणी बदलले का, याची कसून चौकशी करायची. रीडिंग अपेक्षेप्रमाणे आले, तर कशालाही हात लावायचा नाही. या नियमाला मोठी परंपरा आहे. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट मिलिकन यांनी तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार काढला, तेव्हा हवेच्या श्यानतेचे (चिकटपणाचे) मूल्य चुकीचे धरल्यामुळे त्यांचा आकडा सुमारे अर्ध्या टक्क्याने कमी आला. पुढच्या संशोधकांचे आकडे मात्र थेट खऱ्या जागी न पडता, प्रत्येक वेळी थोडेथोडे वर सरकत तिथे पोहोचले. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ मध्ये विद्यार्थ्यांपुढे हा किस्सा सांगून त्याचे कारणही सांगितले होते: मिलिकन यांच्यापासून फार दूरचा आकडा आला की लोक चूक शोधत बसत आणि जवळचा आला की शोधत नसत. फाइनमन यांना यात शरम वाटण्यासारखे काही दिसले. मला यात ज्येष्ठांविषयीचा आदर दिसतो.

मिलिकन यांच्याकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे, ती म्हणजे काय करू नये. १९१३ च्या निबंधात त्यांनी ५८ थेंबांचे आकडे दिले आणि सलग ६० दिवसांत तपासलेले सगळे थेंब हेच, असे लिहिले. त्यांच्या वह्यांमध्ये त्याहून कितीतरी अधिक थेंबांच्या नोंदी आहेत. त्यांनी ते थेंब का गाळले यावर इतिहासकार आजही भांडतात, पण मुळात भांडायला मिळते ते वह्या नीट लिहिल्या आणि जपून ठेवल्या म्हणून. तुम्ही ही चूक करू नका.

नोंदी ठेवायच्याच असतील तर कागदी रुमालावर, हातमोज्याच्या पाठीवर किंवा मनात ठेवाव्यात. नळ्यांवर नावे घालायची वेळ आली, तर साध्या मार्करने घालावीत, कारण पुढे त्याच नळ्या आपण ७० टक्के अल्कोहोलने पुसणार असतो आणि त्या पुसण्यात मार्करची शाई फार सभ्यपणे निघून जाते. उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये माझा स्वतःचा एक खोका आहे, त्याचे उदाहरण देतो. त्यात ८१ खाने आहेत आणि नळ्यांवर अनुक्रमे ‘नवे’, ‘नवे २’, ‘अंतिम’, ‘अंतिम खरे’ आणि ‘हेच घ्या’ असे लिहिलेले आहे. एके संध्याकाळी दव गोठलेल्या एका नळीवरचे बर्फ मी अल्कोहोलने भिजलेल्या अंगठ्याने पुसले, तेव्हा बर्फाबरोबर अक्षरेही निळ्या ओघळासारखी अंगठ्यावर उतरली आणि नळीवर फक्त तारखेतला महिना राहिला. वर्ष गेले. त्या नळीत काय आहे हे तेव्हापासून कोणालाही सांगता आलेले नाही, त्यामुळे तिच्याबद्दल मी काहीही म्हणू शकतो आणि कोणी मला खोडू शकत नाही.

आता कंट्रोलविषयी. जिच्यात नमुनाच घातलेला नाही अशी रिकामी नळी सगळ्या प्रक्रियेतून न्यायची आणि तिच्यात काही सापडत नाही ना ते पाहायचे, ही कल्पना कोणत्या संशयी माणसाला सुचली असेल? डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या पीसीआरमध्ये या रिकाम्या नळीचा उपद्रव विशेष आहे. तिच्यात पट्टी, म्हणजे डीएनए असल्याची खूण, उमटली, तर बाकीच्या सगळ्या सुंदर पट्ट्यांचा अर्थ नाहीसा होतो. आणि तिच्यात काही उमटले नाही, तर एक नळी फुकट गेली असे वाटत राहते. दोन्हीकडून तोटाच असल्यामुळे ती न ठेवणे हे साधे व्यवहारज्ञान आहे.

पेशींवर काम करणाऱ्यांनी तर ‘आपल्या बाटलीत नेमक्या कोणाच्या पेशी आहेत’ हा प्रश्न कधीच विचारू नये. हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या कर्करोगाच्या गाठीतून १९५१ मध्ये, तिला न विचारता घेतलेल्या हेला पेशी इतक्या जोमाने वाढतात की पिपेटच्या एका चुकीच्या बुडवणीतून त्या शेजारच्या बाटलीत जाऊन तिथल्या मूळ पेशींना हुसकावून लावतात. १९६६ मध्ये स्टॅन्ली गार्टलर या आनुवंशशास्त्रज्ञाने, वेगवेगळ्या अवयवांच्या म्हणून जगभर वापरल्या जाणाऱ्या डझनाहून अधिक पेशीवंशांमध्ये एका विकराचा (एन्झाइमचा) एकच प्रकार सापडल्याचे सांगून त्या साऱ्या हेलाच असल्याचे सुचवले, तेव्हा परिषदेतल्या कोणाचा दिवस चांगला गेला असेल असे वाटत नाही. कोणी यकृतावर, कोणी आतड्यावर वर्षानुवर्षे काम करत होते, आणि एका माणसाच्या चौकसपणामुळे सगळ्यांना एकाच गाठीवर आणून बसवले गेले. तीच गोष्ट मायकोप्लाझ्माची. या जिवाणूंना पेशीभित्तिका नसल्यामुळे पेनिसिलिनचा त्यांच्यावर परिणाम होत नाही, ते नेहमीच्या बारीक गाळणीतूनही निसटतात आणि त्यांच्यामुळे संवर्धनाचे द्रव गढूळदेखील होत नाही. इतक्या शालीन पाहुण्यांसाठी चाचणी करणे बरे दिसत नाही. त्यांच्यामुळे पेशींची वागणूक बदलते हे खरे, पण बदललेली वागणूक हाच तर निबंधाचा विषय होऊ शकतो.

भौतिकशास्त्राच्या मित्रांची अडचण वेगळी. त्यांच्याकडे नमुना सडत नाही, पण पार्श्वभूमीची खरखर पिच्छा सोडत नाही. तिचा आकडा वजा करून मोकळे होणे हा राजमार्ग असताना आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९६४ च्या सुमारास आपल्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनातून कबुतरे हाकलली, त्यांची विष्ठा खरवडून काढली, सांध्यांवर धातूच्या पट्ट्या चिकटवल्या, आणि तरीही सगळ्या दिशांनी सारखीच येणारी सुमारे साडेतीन केल्विन तापमानाइतकी खरखर गेली नाही म्हणून ते तिच्या मागे लागले. ती विश्वाच्या आरंभापासून उरलेली ऊब निघाली, हे मान्य. पण किती पुस्तके पुन्हा लिहावी लागली याचा विचार त्यांनी केला होता का?

याउलट २०११ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाला जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेपासून इटलीतल्या ग्रान सास्सोपर्यंतचे सुमारे ७३० किलोमीटर अंतर न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण प्रकाशाहून ६० नॅनोसेकंद आधी कापतात असे आढळले होते. इतका सुरेख आकडा हाती असताना त्यांनी काय करावे? इतरांनी चूक शोधून द्यावी असे आवाहन केले, स्वतःही शोधत राहिले, आणि काही महिन्यांनी वेळेचा संकेत आणणारी एक प्रकाशतंतूची केबल नीट बसलेली नव्हती हे स्वतःच जाहीर केले. माझ्या नियमाचा खरा कस येथेच लागतो. हीच केबल सैल राहून आकडा अपेक्षित जागी पडला असता, तर ती कदाचित आजही सैलच असती आणि कोणाचे काही बिघडले नसते.

मापन शक्यतो एकट्याने, अंधारात आणि स्वतःच्या डोळ्यांनी करावे. १९०३ मध्ये फ्रेंच प्राध्यापक ब्लाँदलो यांनी ‘एन किरण’ असेच शोधले. मंद ठिणगी किंचित उजळल्याचे सरावलेल्या डोळ्यांना दिसे आणि इतरही बऱ्याच जणांना ते दिसू लागले. पुढच्या वर्षी रॉबर्ट वुड नावाचे अमेरिकी पाहुणे आले. खोलीत अंधार असताना त्यांनी हे किरण फाकवणारा उपकरणातला लोलक गुपचूप काढून घेतला. रीडिंग पूर्वीसारखीच येत राहिली. या गोष्टीवरून पाहुण्यांना प्रयोगशाळेत कुठवर येऊ द्यावे एवढाच बोध घ्यायचा असतो, पण काही लोक भलताच घेतात. गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या लायगोच्या मंडळींनी २०१० मध्ये आपल्याच यंत्रात एक खोटा संकेत गुपचूप मिसळला. शेकडो संशोधकांनी त्याचे विश्लेषण केले, निबंध लिहून तयार ठेवला आणि पाकीट उघडल्यावर तो खोटा असल्याचे त्यांना कळले. आपल्याच लोकांवर इतका अविश्वास! २०१५ मध्ये खरा संकेत आला तेव्हा त्यांच्यावर जगाने चटकन विश्वास ठेवला, यामागचे कारण मला अजून उमगलेले नाही.

फील्डवर जाणाऱ्यांना मात्र मी मनापासून भाग्यवान समजतो, कारण तिथे पाहणारे कोणी नसते. खडकाच्या थराचा कल मोजताना होकायंत्र डाव्या तळहातावर धरावे आणि पोलादी हातोडा त्याच मनगटाला लटकू द्यावा. सुई हातोड्याकडे ओढली जाते आणि नकाशावर अशा काही घड्या उमटतात की भूशास्त्रज्ञांच्या दोन पिढ्या त्यांचे स्पष्टीकरण शोधत राहतील. खडकाच्या छायाचित्रात मोजपट्टी, पेन किंवा हातोडा यांपैकी काहीही ठेवू नये, म्हणजे तो कडा आहे की बोटभर खडा हे वाचकाच्या कल्पनाशक्तीवर सोपवता येते. खडक फोडून आतला ताजा भाग पाहण्याचे कष्ट घेऊ नयेत. वरची झिजलेली, तांबूस साल हातानेसुद्धा सुटते. नोंद पेन्सिलीऐवजी जेल पेनाने करावी, कारण पहिल्याच पावसात पान धुऊन निघते. मी एकदा नमुन्याच्या पिशवीवर ‘वळणावरच्या मोठ्या झाडाजवळ’ असे लिहिले होते. दोन वर्षांनी तिथे परत गेलो तेव्हा वळणे सात होती आणि झाड एकही नव्हते. त्या नमुन्याला माझ्या प्रबंधात ‘प्रातिनिधिक’ म्हटले आहे. प्राणी-वनस्पतींची गणना करणाऱ्यांनी गाडीच्या रस्त्यापासून फार दूर जाऊ नये. सजीवांना रस्त्यालगत राहणे किती आवडते, हे वितरणाच्या अनेक नकाशांवरून सिद्धच झालेले आहे.

स्वच्छतेचा अतिरेक तर टाळावाच. भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांना उल्केतले शिसे मोजून पृथ्वीचे वय काढायचे होते. हवेतले, भांड्यांतले, कातडीवरचे, केसांतले शिसे नमुन्यात शिरते हे लक्षात आल्यावर ते वर्षानुवर्षे प्रयोगशाळा घासत राहिले, आणि १९५६ मध्ये त्यांनी ४५५ कोटी वर्षे हा आकडा दिला. एवढ्यावर थांबले असते तरी चालले असते, पण मग हे शिसे मुळात येते कुठून असे विचारून ते पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या शिशापर्यंत पोहोचले आणि बड्या उद्योगांना अंगावर घेऊन बसले. घासणी हातात घेतलेला माणूस कुठवर जाईल याचा नेम नसतो. तुम्ही पुरातन हाड उघड्या हाताने, थोडे मातीसकट उचलावे. ज्यात कार्बन-१४, म्हणजे वयानुसार घटत जाणारा किरणोत्सारी कार्बन, मुळीच उरलेला नाही अशा नमुन्यात १ टक्का आजचा कार्बन मिसळला तरी त्याचे वय सुमारे ३७,००० वर्षे भरते, आणि ‘मोजता येत नाही’ या उत्तरापेक्षा ३७,००० हे उत्तर केव्हाही देखणे.

वयच मोजायचे असेल तर सजीवांच्या बाबतीत भीड बाळगू नये. १९६४ मध्ये नेवाडातल्या डोंगरावर एका तरुण संशोधकाने परवानगी घेऊन एक जुनाट पाइन वृक्ष तोडवला आणि खोडातली कडी मोजली, तेव्हा ती ४,८०० हून अधिक भरली. त्याहून म्हातारे झाड त्या वेळी कोणाच्या माहितीत नव्हते. २००६ मध्ये आइसलँडजवळ पकडलेला एक शिंपला इतरांबरोबर गोठवला गेला आणि पुढे तो ५०७ वर्षांचा असल्याचे निघाले. दोन्ही आकडे अचूक आहेत आणि आता वाढण्याची भीती नाही.

आकडे जमले की ते स्प्रेडशीटमध्ये टाकावेत आणि पुन्हा उघडून पाहू नयेत. ‘सेप्ट २’ आणि ‘मार्च १’ अशी नावे असलेली जनुके तिथे शिरताच २ सप्टेंबर आणि १ मार्च होतात. जनुकांच्या याद्या अशा फायलींत जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे एक पंचमांशांत असा घोळ असल्याचे २०१६ मध्ये दिसून आले. संशोधकांनी फायली तपासाव्यात असे काहींचे म्हणणे पडले, पण शेवटी २०२० मध्ये जनुकांचीच नावे बदलण्यात आली. इतका समंजस तोडगा मी माझ्या कारकिर्दीत दुसरा पाहिलेला नाही.

पद्धतीच्या प्रकरणात ‘पूर्वी वर्णन केल्याप्रमाणे’ एवढेच लिहावे आणि ज्या जुन्या निबंधाचा हवाला द्याल, त्यातही ‘पूर्वी वर्णन केल्याप्रमाणे’ असेच लिहिलेले असेल याची खात्री करून घ्यावी. प्रयोग कोणी केला हे लिहू नये. पुरुष संशोधक जवळ असला की उंदीर ताणाखाली येतात आणि वेदना कमी दाखवतात, त्याने घातलेला सदरा ठेवला तरी तेवढेच पुरते, असे २०१४ मध्ये मॉन्ट्रियलच्या एका गटाने दाखवून दिल्यापासून हा तपशील अकारण नाजूक झाला आहे. मोजपट्टी मिलिमीटरची असली तरी सरासरी दशांशानंतर पाच घरांपर्यंत द्यावी.

एवढे करूनही कोणी मूळ नमुना मागितलाच, तर घाबरू नका, माझ्याकडे पाठवा. फ्रीजरच्या खालच्या कप्प्यात, डावीकडे, झाकण तडकलेला तो खोका आहे. सहाव्या ओळीत ‘हेच घ्या’ लिहिलेली नळी सापडेल आणि तिच्या शेजारीच, माझ्याच अक्षरात, ‘हे घेऊ नका’ लिहिलेली दुसरी. परवा खोका हातातून सटकला तेव्हा दोन्हींची झाकणे निघून पडली होती. झाकणे मी लगेच परत लावली. नावे झाकणांवरच लिहिलेली आहेत.