दाजींचं धुरांडं

टेक्सासातला संसार आवरून आमचे दाजी पुण्याला आले, तेव्हा त्यांच्या सामानातली एकच वस्तू फ्लॅटच्या बाल्कनीत मावेना. "तुमचं परडं मोठं आहे," असं म्हणत ती त्यांनी टेम्पोत घालून कोल्हापूरला धाडली. पेलेट स्मोकर, म्हणजे मटण धुरावर शिजवणारं विजेचं यंत्र. आपली 230 व्होल्टची वीज त्याला सोसत नाही, त्याला 120 लागतात. म्हणून सोबत एक ट्रान्सफॉर्मरही आला.

दाजींचं म्हणणं, याला काही करावं लागत नाही. पेलेट म्हणजे भुसा दाबून केलेल्या 6 मिलिमीटर जाडीच्या कांड्या. त्या हॉपर नावाच्या डब्यात ओतायच्या, आकडा लावायचा आणि पत्ते पिसायला बसायचं. मोटर ऑगर, म्हणजे नळीतला लांब स्क्रू, फिरवते, ऑगर कांड्या ढकलत आगीच्या वाटीत नेऊन टाकतो, तिथली तापलेली सळई त्या पेटवते, पंखा वारा घालतो. ज्या वस्तूला काही करावं लागत नाही, तिचं सगळं दुसऱ्या कुणाला तरी करावं लागतं. इथं तो दुसरा म्हणजे परड्याचा मालक.

आखाडात दाजी खास मटणासाठी आले. आकडा लावला 225. आई म्हणाली, "सव्वादोनशे? कोळसा हुईल की त्याचा!" ते फॅरनहाइट होतं, आपले 107. मटण सकाळी आत गेलं ते दुपार कलल्यावर बाहेर आलं. तोवर आईनं शेगडीवर तांबडा-पांढरा करून अर्ध्या पाहुण्यांना जेवूही घातलं होतं. जाताना दाजींनी हॉपर काठोकाठ भरून ठेवला. म्हणे, पुढच्या वेळी सोयीचं.

हे यंत्र निघालं 1980च्या दशकात, अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात. पाऊस तिथंही भरपूर, पण तो हिवाळ्यातला. जुलै कोरडा जातो. आपल्याकडं जुलैत अख्खं गाव पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पातळीकडं डोळे लावून बसतं. 39 फुटांवर इशारा, 43 वर धोका. हॉपरमधल्या कांड्यांना असली पातळी नसते, त्यांना हवेतली ओलच पुरते. त्यांत गोंद-बिंद काही नसतो. दाबानं आणि उष्णतेनं लाकडातलंच लिग्निन मऊ होऊन भुसा धरून ठेवतं, आणि पाणी लागलं की सोडून देतं. दसऱ्याच्या तोंडावर मी झाकण उघडलं तर हॉपरमध्ये नुसता भुसा, आणि ऑगरच्या नळीत त्याच भुश्याचं काँक्रीट.

"उलटा फिरीव," पलीकडच्या भिंतीवरून नाना म्हणाले. नाना एसटीतून निवृत्त झाले असले, तरी सूचना देण्यातून अजून झालेले नाहीत. उलटा फिरवला, हलला नाही. मग उद्यमनगरातला मिस्त्री आला. वाकून बघितलं आणि हसायला लागला. "ह्याचा आज्जा साखर कारखान्यात बसलाय की! स्क्रू कन्व्हेअर हाय ह्यो." पाइप पाना लावून त्यानं ऑगर उपसून काढला. भुश्याच्या कांबी निघाल्या, आणि त्यांच्या मागून कुंभारमाशीचं मातीचं घर.

मोटर आणि ऑगरच्या मध्ये एक बारीक पिन असते. अडकलं की मोटर जळण्याआधी ती तुटते. तुटण्यासाठीच तिचा जन्म. तीही तुटली होती. मिस्त्री म्हणाला, "काळजी नगो. हायटेन्साइलचा बोल्ट टाकतो, नातवंडांपतूर तुटणार न्हाई." मी म्हटलं, तुटायला पाहिजे. तो माझ्याकडं बघत राहिला. उद्यमनगरातल्या माणसाला 'जरा कच्चं काम करा' म्हणून सांगणं म्हणजे मटणवाल्याला नुसती हाडं मागणं. शेवटी मऊ लोखंडाची पिन त्यानं घातली, पण मजुरी घेताना बजावलं, "माझं नाव सांगू नगोस कुणाला."

राहिलं बाकीचं. चरबीचा थर आधी काढावा लागतो, नाहीतर पुढच्या खेपेला मटणाऐवजी तोच पेटतो. चरबी गोळा होणाऱ्या बादलीवर शेजारच्या बोक्यानं आखाडापासूनच हक्क सांगितला होता. तापमान मोजणारी सळई पुसली. तिच्यावर काजळी बसली की यंत्र चुकीचा आकडा दाखवत बसतं. आगीच्या वाटीतली राख मी फेकणार तेवढ्यात आईनं हात धरला.

"टाकतोस काय? आंबाड्याची लाकडं न्हाईत ती, ओकची हाईत म्हनं."

त्याच राखेनं आणि काथ्यानं आईनं स्मोकरच्या जाळ्या घासल्या. दाजींनी अमेरिकेतून आणलेला जाळ्या धुण्याचा फवारा कोनाड्यात तसाच राहिला. राखेतला क्षार चरबीला साबणासारखा उतरवतो. जाळ्या अशा निघाल्या की मला त्यांत तोंड दिसेना एवढंच.

खंडेनवमीला विळी, कोयती, मोटरसायकल, पाण्याची मोटर, सगळ्यांना झेंडूच्या माळा पडल्या. स्मोकरपाशी आई थांबली. वशाटाचं यंत्र, त्यात नवरात्र. मग चार हात लांब उभं राहून तिनं हळद-कुंकू उडवलं. थोडं यंत्रावर पडलं, जास्त माझ्यावर.

दसरा झाल्यावर रविवारी ते रिकामंच पेटवलं. सफाईनंतर मोकळ्या यंत्राला मोठा जाळ देऊन उरलंसुरलं जाळायचं असतं. पांढऱ्या धुराचा लोट भिंत ओलांडून गेला, आणि त्या धुरातून खोकत नाना आले, मागं त्यांची दोन नातवंडं.

"मटण कुठाय?"

"नाना, आज नुसतंच जाळायचंय."

"नुसतंच?" नाना म्हणाले. "आन् मी घरात भाकरी टाकाय सांगून आलोय की!"