दाजी, निरोगी पोराला गोळी कशाला म्हणता

परवा ग्रुपवर मी आमच्या गेटवर येऊन पोरांना हिवतापाची गोळी पाजणाऱ्या बायकांबद्दल लिहिलं आणि दाजी, तुम्ही लगेच लिहिलंत, "आजारी नाही त्या पोराला औषध कशाला, प्रतिकारशक्ती मरते, त्यापेक्षा डास मारा की." खाली सांगलीतल्या सगळ्यांचे अंगठे. तेव्हापासून डोक्यातनं जाईना.

इथं नायजेरियातल्या कानोत जुलै ते ऑक्टोबर दर महिन्याला फेरी असते. तीन महिन्यांच्या पुढं आणि पाच वर्षांच्या आतल्या पोराला पहिल्या दिवशी एसपी आणि अमोडायाक्विन ही हिवतापाची दोन औषधं पाण्यात विरघळून समोर पाजतात, पुढचे दोन दिवस नुसती अमोडायाक्विन, ती आईनं घरी द्यायची. अर्ध्या तासात ओकलं तर परत डोस, अंगात ताप असला तर गोळी नाही, आधी टेस्ट. औषधाचा असर महिनाभरच टिकतो म्हणून दर महिन्याला, आणि वर्षातला बहुतेक हिवताप ह्याच पावसात येतो म्हणून एवढेच महिने. नीट घेतलं तर चारातले तीन ताप टळतात. मच्छरदाण्या आहेतच, त्या असूनही पोरं जातात हो. आफ्रिकेत हिवतापानं मरणाऱ्या दर चारात तीन पाच वर्षांखालची. प्रतिकारशक्ती येते ती जगलेल्या पोराला.

आणि पोलिओचा डोस आपण काय आजारी पोरांना पाजला? रविवारी भाच्याला खांद्यावर घेऊन बूथवर तुम्हीच गेलेलात ना? 2014 ला भारत पोलिओमुक्त झाला तो तसाच. ह्याच कानोनं 2003 ला अफवेवरनं तीच लस थांबवलेली, मग इथला पोलिओ दुसऱ्या देशांत गेला. आज इथल्या आया दार उघडून पोरं पुढं करतात, आणि मिरजेसारखं दवाखान्यांचं गाव शेजारी असताना आपण त्यांना प्रतिकारशक्ती शिकवायची, ह्याचा राग येतो मला.

पण खरं सांगू का, जून लागला की मी बायकोला आणि छकुलीला सांगलीलाच पाठवतो, आईच्या आणि तुमच्या जिवावर. माझ्याकडं तिकिटाचे पैसे आहेत. माईगादीची, म्हणजे आमच्या वॉचमनची, तिन्ही पोरं इथंच, गोळीच्या भरवशावर. गल्लीतली पोरं मला "इंडिया" म्हणून हाक मारतात, ग्रुपवर मी "आपला नायजेरियावाला". गेल्या फेरीला त्या बाईनं विचारलं, ह्या घरात पाच वर्षांखालचं कोण आहे का. मी नाही म्हटलं. तिनं दाराशेजारी खडूनं खूण केली आणि पुढच्या घरी गेली.