पाच हजार वॅट आणि मिरजेचा तंबोरा

सांगलीतल्या आमच्या तीन ग्रुपांवर सध्या एकच मेसेज फिरतोय : ‘होम थिएटरचा अॅम्प्लिफायर बिघडला की दुरुस्तीत पैसे घालवू नका. तेवढ्यात ५००० वॅटचा नवा येतो. जुने स्पीकर त्यालाच जोडा. नाहीतर सरळ साउंडबार घ्या.’ आमच्या काकांनी तो वाचून भंगारवाल्याला बोलावलंसुद्धा, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी दुरुस्ती. मिरजेत तंबोऱ्याची जवारी (तारा टेकतात त्या घोडीची घासणी) बिघडली म्हणून कुणी भोपळ्यासकट तंबोरा टाकत नाही, जवारी काढून आणतात. अॅम्पचंही पुष्कळदा तेवढंच असतं. एक बाजू बारीक आवाजात गप्प आणि आवाज वाढवला की जागी होते? रिलेचे, म्हणजे स्पीकर जोडणाऱ्या आतल्या स्विचचे, पॉइंट काळे पडलेत. बटण फिरवताना खरखर? आत धूळ आहे, कारागिराकडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारून घ्या. गाणं बंद असतानाही घूंऽऽ येत राहतो? मोठे फिल्टर कपॅसिटर थकलेत. आपली वीज ५० हर्ट्झची, रेक्टिफायरमधून (एसीची डीसी करणाऱ्या भागातून) गेली की तिची गुणगुण १०० हर्ट्झची होते आणि थकलेल्या कपॅसिटरला ती आवरत नाही. हे सगळे स्वस्तातले भाग आहेत. झाकण मात्र कारागिरालाच उघडू द्या. प्लग काढल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये जबर झटका शिल्लक असतो.

काकांचा अॅम्प चालू होऊन टक् करून बंद पडायचा. पाठीमागे जोडलेल्या सगळ्या स्पीकरच्या तारा काढल्या तर छान चालू राहिला. तारेचा एक केस शेजारच्या टर्मिनलला टेकला होता, बस्स.

मेसेज एका ठिकाणी बरोबर आहे, तेही सांगतो. पुराच्या पाण्यात बुडालेला सेट किंवा जुनी एसटीके आयसी (आवाजाला ताकद देणारी चिप) जळालेला अॅम्प असेल, तर फार जीव लावू नये. त्या आयसीच्या नावाखाली बाजारात नकली माल भरपूर आहे.

आता ते ५००० वॅट. खोक्यावर बारीक अक्षरात ‘पीएमपीओ’, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा दावा, लिहिलेलं असतं. ते मोजायची कुठली ठरलेली पद्धतच नाही. त्यापेक्षा अॅडॉप्टर उलटा करून बघा. १२ व्होल्ट, ५ अँपिअर म्हणजे ६० वॅट. आत ६० गेले तर बाहेर ५००० कुठून येणार? आणि ६० कमी नाहीत. आमच्या गल्लीचा गणपती ‘४४४०’ आयसीवर दणाणायचा. ती एका चॅनलला ६ वॅट देते, ब्रिज केली, म्हणजे दोन्ही चॅनल एकत्र जुंपले, तर १९. वॅट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो.

‘जुने स्पीकर त्यालाच जोडा’ हे सगळ्यात महागात पडणारं वाक्य. खोक्यातून एकत्र आलेल्या सेटचे स्पीकर कधी कधी ३ ओहमचे असतात; ओहम जितके कमी, तितका अॅम्पवर भार जास्त. मागच्या लेबलवर आकडा असतो. नव्या रिसीव्हरवर (होम थिएटरच्या मुख्य अॅम्पवर) ‘६ ते १६ ओहम’ छापलेलं असेल तर तो तापेल, नाहीतर प्रोटेक्शनमध्ये जाईल, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडेल. सबवूफरची गोम आणखी वेगळी. त्या सेटमधला सबवूफर बहुधा मुका असतो, त्याचा अॅम्प मुख्य डब्यात. नव्या रिसीव्हरला सबवूफरसाठी नुसती आरसीए पिन असते, तिच्यातून ताकद येत नाही, फक्त सिग्नल येतो. म्हणजे सबवूफरला वेगळा अॅम्प लागणार. हा खर्च मेसेजमध्ये नाही.

साउंडबार घ्या, माझी ना नाही. पण चांगले स्पीकर माळ्यावर टाकून?

पैसे थोडेच असतील तर जुना, एचडीएमआय नसलेला किंवा एचडीएमआयच मेलेला रिसीव्हर बघा. त्याला गिऱ्हाईक कमी, म्हणून भाव पाडता येतो. टीव्हीतून ऑप्टिकल वायर घाला, ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) डॉल्बी डिजिटल आरामात जातं. अॅटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही आवाज आणणारा डॉल्बीचा प्रकार, विसरा. काही टीव्ही बाहेरून जोडलेल्या सेट-टॉप बॉक्ससारख्या डब्याचा आवाज ऑप्टिकलमधून स्टिरिओच सोडतात, ते आधी तपासा. आणि विकत घेण्याआधी अर्धा तास बारीक आवाजात वाजवा, एकेक चॅनल वेगळा ऐका. विकणारा वैतागला तर चहा सांगा, पण अर्धा तास पुरा करा.