मोफत कोर्स आणि काट मारलेले 499

विज्ञान शिक्षकांसाठी ऑनलाइन कोर्स काढायचा, पूर्ण फुकट, असं आम्ही चौघांनी ठरवलं तेव्हा मला वाटलेलं की अवघड काय तर कोर्स बनवणं. ते झालं बुवा कसंतरी. भंगारवाला आणि शेजारच्यांचा मिक्सर दोन्ही गप्प झाल्यावर रात्री शूटिंग करायचं, त्यामुळे आमचा प्रकाशाच्या परावर्तनाचा व्हिडिओ बघितला तर वाटतं माणूस लोडशेडिंगमध्ये शिकवतोय. खरी पंचाईत पोस्टर फिरल्यावर सुरू झाली.

पहिलाच फोन. "सर, मोफत म्हणजे शेवटी किती?" मग एका मॅडमनी विचारलं ओटीपी मागणार का, कारण त्यांच्या जाऊबाईंचे असेच पैसे गेलेले. आमच्यातला एकजण म्हणाला फी 499 छापू आणि त्यावर काट मारू, म्हणजे लोकांना विश्वास बसेल. सगळे हसलो. पण पुढच्या पोस्टरवर खरंच काट मारलेले 499 आले आणि त्याच रात्री नोंदणी धो धो सुरू झाली, आता याला काय म्हणायचं.

आणि मग तो प्रश्न आला. वरिष्ठ श्रेणीला चालेल का? ज्यांच्या घरात शिक्षक नाही त्यांच्यासाठी सांगतो, 12 वर्षं नोकरी झाली की वरिष्ठ आणि 24 झाली की निवड वेतनश्रेणी, आणि त्यासाठी सरकारी प्रशिक्षण करावं लागतं. आमचं सर्टिफिकेट त्याला चालत नाही, खरं तर कशालाच चालत नाही, लॅमिनेट करून कपाटात ठेवता येतं एवढंच. हे मी इतक्यांदा टाईप केलं की नुसता 'ना' टाकला तरी फोन पुढचं "नाही सर, वरिष्ठ श्रेणीला चालणार नाही" आपणहून सुचवायला लागला. शिक्षकांना नावं ठेवत नाहीये हां. ज्याला यूडायस, म्हणजे शाळेची सगळी सरकारी माहिती, भरायचीय, खिचडी किती पोरांनी खाल्ली ते रोज ॲपवर टाकायचंय आणि सुट्टीच्या दिवशी मतदारयादी घेऊन दारोदार फिरायचंय, तो विचारणारच ना की यातून मला मिळणार काय.

लाँच 28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिन. नेमक्या त्याच दिवसांत निम्मे शिक्षक बोर्डाच्या परीक्षेच्या सुपरव्हिजनवर, पण तारखेचा मान मोठा. प्रमुख पाहुणे म्हणाले ऑनलाइन कोर्स असला म्हणून काय झालं, उद्घाटन रीतसर व्हायला पाहिजे. मग लॅपटॉपला सॅटिनची लाल रिबन बांधली. ती इतकी घट्ट बांधली की झाकण उघडेना, आणि कात्री ज्या कपाटात होती त्याची किल्ली शिपाईमामांकडे आणि मामा परीक्षेच्या ड्युटीवर. शेवटी पाहुण्यांनी रिबन दातांनी सोडवली. त्यानंतर स्क्रीनवरचं मोठ्ठं हिरवं बटण दाबलं, टाळ्या झाल्या. कोर्स आदल्या रात्रीच सुरू झालेला, बटण म्हणजे नुसतं चित्र होतं, हे त्यांना कोणी सांगितलं नाही आणि तुम्हीपण सांगू नका. भाषणात रामन यांचा 1928 चा शोध, 1930 चं नोबेल, सगळं आलं, कोर्सचं नाव तेवढं राहिलं.

पहिल्या आठवड्यानंतर आकडे बघून आमचा टेक्निकलवाला खचला. नोंदणी केलेल्यांपैकी बहुतेकांनी पहिला व्हिडिओसुद्धा उघडला नव्हता. मी त्याला एमआयटीचं उदाहरण दिलं. 2012 चा त्यांचा सर्किट्सचा पहिला फुकट कोर्स, दीड लाखाच्या वर लोकांनी नाव नोंदवलं आणि सर्टिफिकेटपर्यंत पोचले 7,157. तो म्हणाला, तिथे रिबन नव्हती.

मग दुसऱ्या भागातली मेणबत्ती आली आणि ग्रुप पेटला. प्रयोग सगळ्यांना माहितीये, ताटलीत पाणी, मध्ये जळती मेणबत्ती, वरून ग्लास पालथा, ज्योत विझते आणि पाणी आत चढतं. वर्षानुवर्षं सांगितलं जातं की ऑक्सिजन जळाला, त्याची जागा पाण्याने घेतली. आम्ही म्हणलं थांबा, पाणी कधी चढतं बघा, जळताना फारसं नाही, विझल्यावर एकदम. मुख्य कारण तापलेली हवा थंड होऊन आकसते हे आहे, आणि ज्योत विझते तेव्हा आत ऑक्सिजन बराच शिल्लक असतो. एक ज्येष्ठ सर भडकले, "म्हणजे माझी अख्खी नोकरी चुकीची?" त्यावर दुसऱ्या मॅडमनी रात्री अकरा वाजता स्वयंपाकघरातून व्हिडिओ टाकला, मिस्टर टॉर्च धरून उभे, सासूबाई मागून विचारतायत लाईट गेली का, आणि मॅडम म्हणतायत, "एकाऐवजी चार मेणबत्त्या लावल्या की पाणी जास्त चढतं, ग्लास तोच आहे सर, मग ऑक्सिजन चौपट कुठून आला?" पुढचे दोन दिवस ग्रुपवर गुड मॉर्निंगचं एक फूल नाही, नुसत्या मेणबत्त्या. कुणी बरणी घेतली, कुणी बर्फाचं पाणी, एकाने नवीन टेबलक्लॉथ जाळला. वरिष्ठ श्रेणीचं कोणी नावही काढेना.

कोर्समधली चाचणी मात्र कोणीच सोडवली नाही.

तिसऱ्या दिवशी त्या ज्येष्ठ सरांचा मेसेज आला, करून पाहिलं, पटलं. खाली अजून एक ओळ होती, "आता एवढंच सांगा, पोरांनी पेपरात जुनंच उत्तर लिहिलं तर मार्क द्यायचे का कापायचे?" यावर आमची चौघांची मीटिंग झाली, उत्तर कोणी लिहायचं ते ठरलं नाही, पुढची मीटिंग शनिवारी आहे.