मूळ पुरुष रुमालात

आमचे मूळ पुरुष पानिपतावर पडले, हे आमच्या घरात दर दिवाळीला चकली आणि चहा यांच्या मधल्या वेळात सांगितलं जातं. सांगतात अण्णाकाका. यंदा त्यांच्या नव्या जावयाने, घरात अजून नीट रुळला नसल्यामुळे, "पण पुरावा काय?" असं विचारलं. सगळे गप्प. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नुकताच बँकेतून निवृत्त झालोय, म्हणजे आमच्याकडच्या हिशेबाने रिकामटेकडा.

पुरावा शोधायचा तर पुण्याचं पेशवे दफ्तर, म्हणजे पेशवाईतल्या जुन्या कागदपत्रांचा साठा. कौन्सिल हॉलजवळची ही १८९१ सालची इमारत. तिच्यावरून मी तीस वर्षं स्कूटर दामटली, पण आत कधी डोकावलो नव्हतो. आत सुमारे ३९ हजार रुमाल आहेत. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे, फडक्यात बांधलेलं कागदांचं गाठोडं. रियासतकार सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड काढले. त्यांत आमचं आडनाव सापडलं नाही असं सांगितल्यावर काका म्हणाले, "त्यांच्या नजरेतून सुटलं असणार."

आता मोडी, म्हणजे त्या कागदांची जुनी धावती लिपी. पंधरा दिवसांचा वर्ग केला, प्रमाणपत्र मिळालं, फोटो काढला. वर्गातली मोडी छापील, गुटगुटीत असते. रुमालातली मोडी म्हणजे कारकुनाने घरी जायच्या घाईत एका दमात ओढलेली रेघ. आधी पानभर आडव्या ओळी आखायच्या आणि मग बोरू फारसा न उचलता अक्षरं त्यांना लटकवत जायचं. ह्रस्वदीर्घाचा विधिनिषेध नाही आणि शब्दांत जागा सोडणं म्हणजे कागदाची उधळपट्टी! (पुणेरी काटकसर किती जुनी आहे, याचा मात्र इथे सज्जड पुरावा मिळतो.)

पहिल्या दिवशी मी चार तासांत दोन ओळी वाचल्या आणि अकरा वेळा शिंकलो. शेजारच्या टेबलावर एक आजोबा वर्तमानपत्र चाळावं तसे मोडी कागद वाचत होते. ते म्हणाले, "वाचता येत नसेल तर निदान मोठ्याने वाचू नका."

आठव्या दिवशी आमचं आडनाव दिसलं! पुढे अक्षरं होती 'तीनशेरतूपनेले'. 'तीनशे' एवढं स्वच्छ लागलं. मी धावत आवारात जाऊन काकांना फोन केला.

"तीनशे काय?"

"पुढे र आहे."

"र म्हणजे राऊत! घोडेस्वार रे! तीनशे स्वारांची पागा होती आपली!"

संध्याकाळपर्यंत ही पागा कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाचत होती. नागपूरच्या आत्याने तलवारीची चित्रं पाठवली. जावयाने अंगठा दाखवला, वरच्या दिशेचा.

दुसऱ्या दिवशी मी उरलेली अक्षरं लावायला आजोबांना गाठलं. त्यांनी चष्मा वर केला. "राऊत कुठला? तीन शेर तूप नेले. नेले ते परत दिले नाही, अशी शेजाऱ्याची फिर्याद आहे."

मग त्यांनी न मागता तारीखही लावून दिली. 'सलास सबैन मया व अलफ'. हे शुहूर सनाचे, म्हणजे त्या काळी कागदांवर घालायच्या वर्षगणनेचे, अरबी आकडे : तीन, सत्तर, शंभर आणि हजार. झाले ११७३. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, की इसवी सन १७७२-७३. त्याच वर्षी थेऊरला थोरल्या माधवराव पेशव्यांनी देह ठेवला. अख्खी दौलत हवालदिल, आणि इकडे एक गृहस्थ तीन शेर तुपासाठी सरकारदरबारी भांडतोय. खरं सांगू? मला तो मूळ पुरुषांपेक्षा जवळचा वाटला.

घोळ असा, की पानिपत झालं जानेवारी १७६१ मध्ये. तिथे पडलेला माणूस पुढे अकरा-बारा वर्षांनी पुण्यात तूप कसा नेईल?

रात्री घाबरत घाबरत काकांना सगळं सांगितलं. जावईही बसला होता. काका बराच वेळ अडकित्त्याशी चाळा करत राहिले.

"पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला होता की नाही?"

"हो. १७७६ साली त्याला देहदंड दिला."

"मग झालं तर. आपल्या मूळ पुरुषांचाही निघाला असणार. आपले ते पानिपतावरच पडले." आणि जावयाकडे वळून म्हणाले, "तूप त्या तोतयाने नेलं."